नकाशाखाली सही कोणाची? राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
मंत्रालय, मुंबई.

विषय : आपत्तीच्या वेळी खुल्या नकाशांचा वापर आणि त्यातल्या चुकांची जबाबदारी

सप्रेम नमस्कार,

गेल्या महिन्यात पावसाळापूर्व तयारीच्या एका बैठकीत आम्हा पाच नकाशा स्वयंसेवकांपुढे एकेक छापील कागद ठेवण्यात आला. वर ठळक अक्षरांत ‘हमीपत्र’. मजकूर चारच ओळींचा होता, पण तिसरी ओळ अशी : ‘सदर नकाशातील त्रुटींमुळे उद्भवणाऱ्या कोणत्याही जीवित अथवा वित्तहानीस मी व्यक्तिशः जबाबदार राहीन.’ खाली सहीची जागा, आधार क्रमांक आणि दोन साक्षीदार. आमच्यापैकी दोघांनी चहा संपायच्या आत सह्या करून टाकल्या. एकानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. एक जण फोन आल्याचं सांगून बाहेर गेला, तो परत आलाच नाही. मी सही केली नाही. का नाही, हे त्या साहेबांना तिथं धड सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

कार्यालयाचं नाव लिहीत नाही. कागदामागं वाईट हेतू होता असंही मला वाटत नाही. कुणीतरी ठेकेदाराच्या कराराचा जुना मसुदा उघडला असेल आणि ‘ठेकेदार’ या शब्दाच्या जागी ‘स्वयंसेवक’ टाइप केलं असेल. ठेकेदाराला बिल तरी मिळतं.

मी शिरोळ तालुक्यातला. पोटापाण्याला आरेखक, म्हणजे ड्राफ्ट्समन. बावीस वर्षं घरांचे, गोदामांचे, दोनचार गुऱ्हाळघरांचेही नकाशे काढले. रात्री जेवण झालं की ओपनस्ट्रीटमॅप उघडून बसतो. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा नकाशा विकिपीडियासारखा आहे : कुणीही भर घालावी, कुणीही दुरुस्ती करावी, कुणीही फुकट वापरावा. खाली उपग्रहाची प्रतिमा, वर आपण ओढलेली रेघ. गावातली गल्ली, पाण्याची टाकी, शाळा, समाजमंदिर, नदीकडं जाणारी पाणंद, असं एकेक करत आमचा तालुका आम्ही काहीजणांनी भरत आणला आहे. आपत्तीत याचा उपयोग किती होतो हे आता वेगळं सांगायला नको. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीतल्या पोर्तोप्रिन्स शहराचा कामचलाऊ नकाशा जगभरच्या लोकांनी घरी बसून काही दिवसांत उभा केला आणि मदत पथकांनी तोच वापरला. एप्रिल २०१५ मध्ये नेपाळात भूकंप झाला तेव्हा काठमांडूतल्या तरुणांच्या गटानं हेच काम तिथूनच पुढं नेलं.

आमच्याकडं भूकंपापेक्षा पाणी. कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा नद्यांच्या बेचक्यात हा तालुका आहे. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी, हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ मध्ये ते पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. वीज जाते, मागोमाग टॉवर बंद पडतात, आणि मग ज्याच्या फोनवर ऑफलाइन नकाशा उतरवलेला आहे तोच काय तो वाट सांगू शकतो. अशा वेळी खुला नकाशा सोन्यासारखा. तो कधी घात करतो, तेही आता सांगतो. माझ्याच हातून झालेली गोष्ट आहे.

कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आपल्याला माहीत असतील. दगडी खांब, त्यात पाऊस संपल्यावर बसवायचे आणि पावसाआधी काढून ठेवायचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या), आणि वर जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. बांधले पाणी अडवायला, पण आठ महिने ते पूल म्हणून वापरले जातात. पलीकडच्या गावाला वळसा घालून जायचं तर दहा-बारा किलोमीटर, बंधाऱ्यावरून अर्धा. उपग्रहाची प्रतिमा असते उन्हाळ्यातली, कारण पावसाळ्यात ढगांपलीकडचं काही दिसत नाही. त्या प्रतिमेत बंधाऱ्यावरून ट्रॅक्टर गेलेला मला स्पष्ट दिसला आणि मी रस्त्याची रेघ सरळ नदीपार ओढली. रस्ता पावसाळ्यात पाण्याखाली जातो अशी खूण त्या रेघेला जोडायची सोय आहे. मी ती जोडली नाही. विसरलो म्हणा, किंवा ‘हे तर सगळ्यांना माहीतच असतं’ असं मनात धरलं म्हणा. नृसिंहवाडीत दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे नदीचं पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिण दारानं बाहेर पडलं, की इथला माणूस बंधाऱ्याकडं फिरकत नाही. पण नकाशा इथल्या माणसासाठी नसतोच, तो बाहेरून येणाऱ्यासाठी असतो. एवढी साधी गोष्ट बावीस वर्षं नकाशे काढणाऱ्याच्या डोक्यात आली नाही.

जुलै २०२१. पाणी चढत होतं. कुणीतरी त्या भागाचा स्क्रीनशॉट काढला, त्यावर लाल बाण मारला आणि ‘मदतीच्या गाड्यांसाठी मार्ग’ असं लिहून व्हॉट्सॲपवर सोडला. पाण्याचे बॉक्स भरलेला एक टेम्पो रात्री त्या वाटेला लागला. बंधाऱ्याच्या बराच अलीकडं दिव्याच्या उजेडात पुढचा रस्ता चकाकताना दिसला म्हणून चालकानं ब्रेक मारला. दोन्ही बाजूंना उभा ऊस, वळायला जागा नाही. मागं चालत एकजण टॉर्च दाखवतोय आणि टेम्पो रिव्हर्समध्ये, असा जवळजवळ किलोमीटर तो मागं आला. कुणाला काही झालं नाही. मला पहाटे फोन आला. दहा मिनिटांत मी ती रेघ तोडली, खूण जोडली, नकाशा दुरुस्त झाला. स्क्रीनशॉट मात्र त्यानंतर तीन दिवस फिरत होता. ज्यांनी आधीच नकाशा उतरवून ठेवला होता त्यांच्या फोनवरही जुनीच रेघ होती.

चूक माझी होती, ती नाकारत नाही. पण त्या रात्री टेम्पो पाण्यात गेला असता, तर कायद्यानं जबाबदार कोण ठरलं असतं? रेघ ओढणारा मी, स्क्रीनशॉट काढणारा अनोळखी गृहस्थ, बाण मारणारा, तो पुढं ढकलणारे चारशे लोक, की बंधाऱ्याच्या तोंडाशी अडसर न लावणारी यंत्रणा? बैठकीतल्या हमीपत्रानं याचं उत्तर एका ओळीत देऊन टाकलं.

आमच्या धंद्यात यावर जुनी तोड आहे. कुठल्याही ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते, तिला टायटल ब्लॉक म्हणतात. काढणाऱ्याचं नाव, तपासणाऱ्याचं नाव, मंजुरी देणाऱ्याची सही, तारीख, कितवी सुधारणा. स्लॅब कोसळला तर पोलीस आधी मंजुरीचा रकाना बघतात. आरेखकानं सळईचा व्यास चुकीचा लिहिला असेल तर बोलणी त्यालाही बसतात, पण ते ड्रॉइंग न तपासता साइटवर पाठवणारा इंजिनिअर ‘ड्राफ्ट्समनची चूक’ म्हणून सुटत नाही. आणि जे ड्रॉइंग तपासलेलंच नाही त्यावर आम्ही मोठ्या अक्षरांत ‘नॉट फॉर कन्स्ट्रक्शन’ असा शिक्का मारतो. मिस्त्री कितीही घाईत असला तरी तो शिक्का वाचतो.

खुल्या नकाशाच्या परवान्यात हा शिक्का पहिल्यापासून आहे. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती सप्टेंबर २०१२ पासून ओपन डेटाबेस लायसन्सखाली मिळते. त्यातली कलमं सरळ आहेत : माहिती आहे तशी दिली आहे, ती अचूक, पूर्ण किंवा तुमच्या कामाला योग्य असल्याची कोणतीही हमी नाही, आणि तिच्या वापरातून कुणाचं काहीही नुकसान झालं तरी देणारा त्याला बांधील नाही. हे वाचून काही अधिकारी दचकतात, ‘मग वापरायचं तरी कसं?’ म्हणतात. त्यांनी भारत सरकारचा २०१७ चा खुल्या सरकारी माहितीसाठीचा परवाना काढून पाहावा. सरकार स्वतःची माहिती लोकांना देताना नेमकं हेच म्हणतं : चुका किंवा उणिवा असतील तर आम्ही जबाबदार नाही. म्हणजे देताना सरकार जी अट घालतं, तीच अट आम्ही घातली की आमच्यापुढं हमीपत्र येतं.

ही अट असायलाच हवी. ती नसेल तर गावची पाणंद कोण कशाला काढेल? माणूस फुकट काम करतो ते घर विकायची वेळ येणार नाही या भरवशावर. पैसे घेऊन नकाशा विकणाऱ्याचं वेगळं. १९७३ मध्ये अलास्कात एक मालवाहू विमान डोंगरावर आदळलं. त्या खटल्यात १९८५ साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं विमानांचे नकाशे छापून विकणाऱ्या कंपनीला जबाबदार धरलं. मूळ माहिती सरकारनं दिली होती हा तिचा बचाव चालला नाही, कारण विकलेला नकाशा ही विकलेली वस्तू मानली गेली. आपल्याकडंही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फुकट दिलेली सेवा ‘सेवे’च्या व्याख्येत बसत नाही. विकणारा आणि वाटणारा यांत कायदा फरक करतो.

पण आता आमच्याच बाजूच्या लोकांना न आवडणारं सांगतो. परवान्यातलं ते कलम सगळ्या संकटांवरचं कवच आहे, असं आमच्या गटांत बरेचजण मानतात. तसं नाही. ‘कायद्यानं जी जबाबदारी वगळताच येत नाही ती सोडून’ ही पुस्ती त्याच कलमाच्या तोंडाशी जोडलेली आहे. परवाना हा देणारा आणि घेणारा यांच्यातला व्यवहार. टेम्पोचालकानं परवाना वाचला नव्हता. कौलावर बसून होडीची वाट बघणाऱ्या आजीनं तर कशालाच संमती दिलेली नसते. तिच्या दृष्टीनं ‘डेटा ॲज इज होता’ हे वाक्य निरर्थक आहे. तिला होडी पाठवण्याचं काम ज्याच्याकडं होतं त्यानं कुठल्या कागदावर विसंबून कुठला रस्ता धरला, एवढाच प्रश्न उरतो. नकाशा देणाऱ्यानं हात वर केले म्हणजे जबाबदारी नाहीशी होत नाही, ती नकाशा वापरून निर्णय घेणाऱ्याकडं सरकते. घेणारा जर ‘माहिती आमची नव्हती’ म्हणाला, तर मंजुरीचा रकाना कोराच राहिला.

कोऱ्या रकान्याचं काय होतं हे २०२४ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशात बरेलीजवळ दिसलं. रामगंगेवरच्या एका पुलाचा पुढचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता. मोबाइलवरच्या नकाशाच्या मागं गेलेली मोटार तिथून खाली कोसळली आणि तिघांचा जीव गेला. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांबरोबरच त्या नकाशा कंपनीच्या अधिकाऱ्यावरही गुन्हा दाखल झाला. न्यायालय काय म्हणेल ते म्हणेल. पण तुटक्या पुलाच्या तोंडाशी मजबूत अडसर असता, तर त्या मोटारीतल्या फोनवर कुठला नकाशा चालू आहे हे कुणी विचारलं नसतं. त्याच्या उलट महाडजवळची ती रात्र आठवा, २ ऑगस्ट २०१६. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, दोन एसटी बसगाड्या आणि इतर वाहनं नदीत गेली. त्या रात्री, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही, एकूण एक नकाशावर तो पूल उभा होता. आमच्या, सरकारी, कंपन्यांच्या, सगळ्याच. नकाशा फक्त कधीतरी काय होतं ते सांगतो. या क्षणी काय आहे ते जागेवर उभा असलेला माणूस सांगतो.

म्हणूनच रस्ता बंद करण्याचा अधिकार कायद्यानं नकाशाला दिलेला नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ३४ प्रमाणे आपत्तीच्या काळात धोक्याच्या भागातली वाहतूक रोखण्याचा, वळवण्याचा अधिकार जिल्हा प्राधिकरणाचा. अधिकार जिथं आहे तिथंच मंजुरीचा रकाना आहे, हे वेगळं सांगायची खरं तर गरज पडू नये.

याच कायद्यात आमच्यासाठी काय आहे तेही मी वाचून काढलं. कलम ७३ म्हणतं की सद्‌भावनेनं केलेल्या कामाबद्दल सरकार, प्राधिकरण, त्यांचे अधिकारी, कर्मचारी यांच्यावर दावा किंवा खटला चालणार नाही. त्याच यादीत ‘त्यांच्या वतीनं काम करणारी कोणतीही व्यक्ती’ असेही शब्द आहेत. म्हणजे आपण काम सांगितलं आणि आम्ही ते प्रामाणिकपणे केलं, तर आम्ही त्या छत्राखाली येतो. फक्त ते काम आपल्या वतीनं झालं हे दाखवणारा कागद हवा. आज तो नसतो. आज काय होतं, की पूर चढताना रात्री अकरा वाजता कुणीतरी साहेब फोन करतात, ‘अहो, तेवढं अमुक गावचं टाका की.’ आम्ही टाकतो. उद्या काही बिघडलं तर त्या फोनचा पुरावा आमच्या कॉल लिस्टमधला बारा सेकंदांचा आकडा.

कलम ७४ आणखी वेगळं आहे. येणाऱ्या आपत्तीचा इशारा देण्याबद्दल आणि त्यानुसार केलेल्या कारवाईबद्दल कायदेशीर संरक्षण, पण ते फक्त अधिकारी आणि कर्मचाऱ्यांना. तिथं ‘वतीनं काम करणारी व्यक्ती’ हे शब्द नाहीत. आणि खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, हे कलम ५४ सगळ्यांनाच लागू. आता समजा, मी नकाशावर एका पुलावर ‘पाण्याखाली’ अशी खूण केली. हा नकाशा झाला की इशारा? पूल खरंच पाण्याखाली असेल तर कुणी विचारणार नाही. दोन तासांत पाणी उतरलं आणि खूण तशीच राहिली, तर? मी वकील नाही. पण ज्याला हे कुंपण कुठून जातं ते दिसत नाही, तो कुंपणापासून चार हात लांबच शेती करतो. आमचे चांगले पाच-सहा मॅपर याच भीतीनं पूरकाळात लॅपटॉप मिटून बसतात, आणि नेमकं तेव्हाच त्यांची गरज असते. ही भीती आभाळातून पडलेली नाही. २०१६ साली केंद्रीय गृहखात्यानं भू-माहितीविषयीच्या विधेयकाचा मसुदा आणला होता, त्यात दंडाची रक्कम शंभर कोटींपर्यंत आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत होती. तो पुढं गेला नाही. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी आणि २०२२ च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणानं तर दारं उघडली. पण शंभर कोटींचा आकडा ज्यानं एकदा वाचला तो विसरत नाही. आमच्या गटात अजूनही ‘शंभर कोटी’ हा विनोद आहे. कुणी घर चुकीच्या बाजूला काढलं की म्हणतात, काढा शंभर कोटी.

रस्त्यावरच्या अपघाताबद्दल हा देश शहाणा झाला. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्यालाच पोलीस छळतात म्हणून लोक बघत उभे राहत. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये लक्ष घातलं, २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं, आणि सद्‌भावनेनं मदत करणाऱ्याच्या हातून मदत करताना चूक झाली तरी त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होणार नाही असं ठरलं. पुरात मदतीचा रस्ता काढून देणाऱ्यासाठी असं स्पष्ट वाक्य कुठंही नाही.

मग आमचं म्हणणं काय? सगळं माफ करा, असं अजिबात नाही. मुद्दाम खोटी रेघ ओढणारा, किंवा रस्ता वाहून गेल्याचं माहीत असूनही तो चालू दाखवणारा, त्याला धरा. नकाशातला प्रत्येक बदल कुणाच्या खात्यातून, किती वाजता झाला याची नोंद कायम राहते. सरकारी फायलीपेक्षा आमचा इतिहास जास्त उघडा आहे.

पहिली विनंती अशी की काम लेखी मागा. जिल्हा नियंत्रण कक्षाकडून चार ओळींचा ई-मेल पुरे : अमुक गावांचं काम अमुक तारखेपर्यंत प्राधिकरणाच्या वतीनं करावं. या चार ओळी आम्हाला कलम ७३ मध्ये आणतात आणि आपला एक रुपयाही खर्च होत नाही. आपदा मित्रांना, म्हणजे आपत्तीसाठी प्रशिक्षण दिलेल्या स्वयंसेवकांना, आपण ओळखपत्र देता, विमा देता. नकाशावाल्यांना निदान हा ई-मेल द्या.

दुसरं, आमच्या माहितीवरून काढलेला कुठलाही नकाशा छापताना किंवा पथकाच्या फोनवर पाठवताना त्याच्या कोपऱ्यात चौकट असू द्या. माहिती कोणत्या तारखेला, किती वाजता उतरवली. खालची उपग्रह प्रतिमा कधीची. जागेवर कुणी पाहिलं, की पाहिलंच नाही. पाहिलं नसेल तर लाल अक्षरांत तसं लिहा. चौकट चित्राच्या आतच असावी, बाहेर नको, म्हणजे स्क्रीनशॉट काढणाऱ्याला ती कापून टाकायला कष्ट पडतील. माझ्या त्या रेघेवर ‘एप्रिलची प्रतिमा, जागेवर तपासलेले नाही’ एवढं असतं, तर टेम्पोचालकानं गावातल्या माणसाला एकदा तरी विचारलं असतं.

जागेवरची तपासणी म्हटलं की लगेच मनुष्यबळाचा विषय निघतो, म्हणून सांगतो : अख्खा जिल्हा तपासा असं कुणी म्हणत नाही. चुकलेली गल्ली फार तर पाच मिनिटं वाया घालवते. जीव घेते ती पाणी ओलांडायची जागा. पूल, ठेंगणे फरशीपूल, बंधारे, ओढ्यावरच्या मोऱ्या, आणि डोंगरी तालुक्यांत दरडीखालचे रस्ते. यांची यादी तालुक्याला फार मोठी होत नाही. पावसाआधी एकदा पोलीस पाटील, कोतवाल किंवा तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, अजून जिभेवर बसलेलं नाही) यांनी जागेवर उभं राहून ‘हा पावसाळ्यात चालतो, हा किती पाण्याला बंद होतो’ एवढं सांगितलं, की आम्ही ते एका संध्याकाळी नकाशावर चढवतो. गावात ही माहिती प्रत्येकाला असते. कोणता फूट आला की कोणता रस्ता गेला, हे पारावरचा म्हातारा झोपेत सांगेल. ती फक्त कुठल्या कागदावर नाही. पूररेषा आखताना पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदाची लाल रेषा आपण मोजून मारता, त्यांना कायद्याचं वजन असतं, त्यांच्याखाली कुणाची तरी सही असते. मदतीच्या रस्त्याखालीही असू द्या.

आणि ‘रस्ता बंद’, ‘रस्ता चालू’ हे शब्द फक्त नियंत्रण कक्षानं उच्चारावेत. आमच्यापर्यंत पूरकाळात बंद रस्त्यांची यादी येते ती फोनवर काढलेल्या कागदाचा तिरका फोटो म्हणून, त्यावर कधी वेळ असते, कधी नसते. तीच यादी दर दोन-तीन तासांनी वेळेसकट खुल्या स्वरूपात निघाली, तर आम्ही ती नकाशावर वेगळ्या रंगात दाखवू, आपल्या नावानं आणि आपल्या वेळेनं. आमची रेघ कुठं संपते आणि आपला आदेश कुठं सुरू होतो, हे बघणाऱ्याला कळेल. कलम ७४ चं कोडंही त्यामुळं आपोआप सुटतं : इशारा आपला, आम्ही फक्त तो चिकटवणारे.

एक गोष्ट राहिली, आणि ती माझ्या सहकाऱ्यांशी वाद घालून लिहितो आहे. आम्हाला संरक्षण मिळालं, आपल्यालाही सद्‌भावनेचं कलम आहे, मग बुडालेल्या माणसाच्या घरच्यांनी जायचं कुणाकडं? आपत्ती मदत निधीतून मृताच्या वारसांना चार लाख रुपये मिळतात, आणि मदतकार्यात गुंतलेला माणूस गेला तरी ते लागू आहेत. त्यासाठी चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही, ही त्यातली चांगली बाजू. पण नकाशामुळं भलत्या रस्त्याला लागून झालेला मृत्यू ‘वाहन अपघात’ म्हणून नोंदला, तर ती फाइल तालुक्यातच अडकायची. मदतीच्या वाटेवर झालेला मृत्यू हा आपत्तीतलाच मृत्यू, असं एक वाक्य आपल्या पातळीवरून तहसीलदारांना लेखी गेलं पाहिजे. आमच्या संरक्षणाची किंमत त्या टेम्पोचालकाच्या बायकोनं मोजायची, असं होणार असेल तर मला ते संरक्षण नको.

ते हमीपत्र माझ्याकडंच आहे. मी त्याच्या तिसऱ्या ओळीवर काट मारली आहे आणि खाली कोपऱ्यात आमच्या पद्धतीची चौकट आखली आहे. ‘काढणार’ या रकान्यात माझं नाव आणि सही आहे, कारण काढलेल्या रेघेचा धनी मी आहेच. ‘तपासणार’ आणि ‘मंजूर करणार’ हे दोन रकाने मोकळे ठेवले आहेत. कागद या पत्रासोबत जोडला आहे.

बंधाऱ्यांचे बरगे काढायला लवकरच सुरुवात होईल. त्याआधी एखादी बैठक जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवली तर आम्ही पाचही जण येऊ. त्या दिवशी बाहेर गेलेल्यालाही घेऊन येतो. शक्यतो संध्याकाळी पाचनंतर ठेवावी, दिवसा आम्हा सगळ्यांना नोकऱ्या आहेत.

आपला,
एक आरेखक व नकाशा स्वयंसेवक,
शिरोळ तालुका, जि. कोल्हापूर

सोबत : हमीपत्र (दुरुस्तीसह), एक पान